कलेजीचा रंग

माझ्या भावजींना, एर्मेतेंना, डोळ्यांचं ऑपरेशन करा म्हणून मीच मागे लागले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. गावात दोन बायका अजून आहेत ज्या मला पुलावर गाठून म्हणतात, "नोरीना, तुझा काय दोष गं त्यात!" दोष कुणाचा हे त्यांनी कधीच ठरवून टाकलंय, हे त्यांच्या सुरावरूनच कळतं.

एर्मेते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, इल्दाचा नवरा. इल्दा जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या मुरानो बेटावर काचेच्या भट्ट्या पुष्कळ आणि काच फुंकणारे उस्तादही पुष्कळ. झुंबर म्हणा, घोडा म्हणा, फुलदाणी म्हणा, करून देतील. पण आवेंतुरीना करणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि आमच्या कालव्याकाठी एकटे एर्मेते. आवेंतुरीना म्हणजे तांब्याची काच. तपकिरी काचेच्या पोटात तांब्याचे बारीक, चपटे कण असतात आणि हातात फिरवली की ते सगळे चमकतात. ही चमक वरून लावलेली नसते, ती आत उगवते. नावातच नशीब आहे तिच्या. आमचे जुने लोक म्हणायचे, ही काच कुणी करत नाही, ती लागते. लॉटरी लागते ना, तशी.

लागते कशी तेही सांगते. मुशीत वाळू, सोडा आणि तांब्याची राख वितळवायची. रस होतो निळा-हिरवा. मग त्यात लोहाराकडचे लोखंडाचे काळे खवले चमचा-चमचा टाकायचे. प्रत्येक चमच्यानंतर लोखंडी कांबीनं थेंबभर रस काढायचा, उत्तरेच्या खिडकीत न्यायचा, निवू द्यायचा आणि रंग बघायचा. आधी हिरवा असतो, मग फिका होतो, मग मळकट. आणि एका चमच्यानंतर तो होतो कलेजीसारखा. तो रंग आला की हात थांबवायचा, भट्टीचं तोंड मातीनं लिंपायचं आणि आठ दिवस तिला आपोआप निवू द्यायचं. त्या आठ दिवसांत आत तांब्याचे कण वाढतात. एक चमचा कमी पडला तर नुसती हिरवी काच. एक जास्त झाला तर सगळं तांबं गोळा होऊन तळाशी बसतं. नवव्या दिवशी घणानं मूस फोडल्याशिवाय काय झालंय ते कळत नाही.

हे सगळं माझ्या वडिलांचं. त्यांनी ते जावयाला दिलं, मुलींना नाही. मुलींनी त्या खिडकीपाशी उभंही राहायचं नाही असा त्यांचा नियम होता. मी चौदाव्या वर्षापासून त्याच भट्टीवर कामाला, पण माझं टेबल पलीकडच्या खोलीत. फोडलेल्या मुशीतली ढेकळं माझ्याकडे यायची, मी छिन्नीनं चांगला भाग सुटा करायचे. सेहेचाळीस वर्षं मी आवेंतुरीना निवडली. कलेजीचा रंग मात्र मी आयुष्यात पाहिला नव्हता.

एर्मेतेंना तरी काय शिकवलं होतं त्यांनी? लग्नानंतरच्या पहिल्या मुशीला भावजींनी विचारलं, "मामा, कलेजीसारखा म्हणजे कच्च्या कलेजीसारखा, की कांद्यावर परतलेल्या?"

बाबा म्हणाले, "कलेजीसारखा म्हणजे कलेजीसारखा. खाटिक आहेस का तू?"

संपलं शिक्षण. सात मुशी वाया घालवल्यावर एर्मेतेंना स्वतःची कलेजी सापडली. मग मात्र चुकले नाहीत असं नाही, पण चुकले त्याहून जास्त वेळा बरोबर आले. वर्षाला दोन मुशी, एकोणतीस वर्षं, त्यातल्या एकतीस लागल्या. मी निवडल्यात, म्हणून मला आकडा पाठ आहे.

बाबांचा दुसरा नियम असा, की नमुना बघून झाला की तो खिडकीतून कालव्यात टाकायचा. चुकीचा असो की बरोबर असो, टाकायचा. शेजारच्या भट्टीवाल्यानं एखादा तुकडा उचलून नेला तर तो रंग ओळखेल ना! एर्मेतेंनी तो नियम देवाचा शब्द मानून पाळला. पलीकडच्या खोलीत मला आवाज यायचा, टुपुक. चार-पाच टुपुक झाले आणि मग मातीचं घमेलं ओढल्याचा आवाज आला, की मी समजायचे, भावजींना कलेजी दिसली.

मोतीबिंदू हळूहळू आला. त्यांना तो कळलाच नाही, मला कळला. ते कॉफीत मीठ टाकायला लागले. नमस्कार करणाऱ्याला ओळखेनात. मग एकदा होडीच्या धक्क्यावर पायरी चुकून पडले आणि गुडघा फोडून घेतला.

मी म्हटलं, "भावजी, इस्पितळात चला. अर्ज मी भरते."

"काच तर दिसते मला."

"काच दिसते, पायरी दिसत नाही. उद्या कालव्यात पडाल, मी काढायला येणार नाही."

"तू नाहीच येणार. इल्दा आली असती."

"इल्दानं तर कान धरून नेलं असतं."

त्याच संध्याकाळी मी अर्ज भरला. त्या वसंतातच त्यांची एक मूस लागली होती, तेही त्याच गढूळ डोळ्यांनी. हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

ऑगस्टात मुरानोतल्या सगळ्या भट्ट्या बंद असतात. तेव्हाची तारीख मिळाली, उजव्या डोळ्याची. पट्टी काढली त्या दिवशी हा अडुसष्ट वर्षांचा माणूस खाडीच्या काठी उभा राहून पोरासारखा हसत होता. "नोरीना, पाणी निळं आहे गं! अगं, किती निळं आहे!" माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू म्हातारी झालीस." दुसऱ्या डोळ्यासाठी वर्षभर थांबावं लागेल असं सगळे सांगत होते, पण कुणीतरी यादीतून नाव काढून घेतलं आणि तीन आठवड्यांत डावाही झाला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं मीच सगळ्या गल्लीत सांगत फिरले. घरी बोलावून मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि कांद्यावरची कलेजी खाऊ घातली.

ताटाकडे बघत ते म्हणाले, "ही कसली कलेजी?"

"वासराची. नेहमीचीच."

"जांभळट दिसतेय."

"तुमचे डोळे नवे आहेत, कलेजी जुनीच आहे. गिळा."

ते हसले. मीही हसले.

सप्टेंबरात पहिली मूस लावली. मी माझ्या टेबलाशी कान देऊन बसले होते. टुपुक, टुपुक, टुपुक. पाच झाले, सहा झाले, अकरा झाले. शेवटी घमेलं ओढल्याचा आवाज आला, पण एवढा वेळ कधी लागला नव्हता. नवव्या दिवशी मूस फोडली, तर आत हिरवी काच. बाटलीची असते तशी. आमचे मालक सिल्व्हानो वाकून बघत म्हणाले, "एर्मेते, बियरचा कारखाना काढायचाय का?" सगळे हसले. नोव्हेंबरात दुसरी. ती फोडली तर तळाशी तांब्याचा गोळा, मुठीएवढा. नाताळाआधी तिसरी. पुन्हा गोळा. त्या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी भावजी माझ्या टेबलापाशी येऊन बसले. त्या आधी माझ्या टेबलापाशी ते कधी बसले नव्हते.

"नोरीना, मला कलेजी दिसत नाही."

"म्हणजे?"

"सगळं दिसतं. पूर्वी हिरवा, फिका, मळकट आणि मग कलेजी, एवढंच दिसायचं. आता मळकटानंतर दहा रंग दिसतात. तांबूस, जांभळट, विटकरी, काळसर. त्यातला माझा कुठला?"

मग जो तो शहाणपण शिकवायला लागला. एकानं मोटरसायकलवाल्याचा पिवळा चष्मा आणून दिला. तो लावून एर्मेते आठवडाभर भट्टीवर बसले. फुंकणाऱ्या पोरांना तमाशाच झाला. चष्म्यातून दहाचे सहा रंग झाले, पण एक काही झाला नाही. मी खाटकाकडून कच्ची कलेजी आणली आणि पहिल्यांदाच नियम मोडून खिडकीपाशी बशी ठेवली. भावजी तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी कधी हिच्याकडे बघून ठरवलंच नाही गं. मामांनी शब्द दिला, मी त्यात माझा रंग भरला." ते इस्पितळातही जाऊन आले. जुनं भिंग परत बसवता येईल का, असं डॉक्टरला विचारलं. डॉक्टरला वाटलं थट्टा आहे. त्यानं पाठ थोपटून परत पाठवलं.

जानेवारीत मालकांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "एर्मेते, गॅस परवडत नाही. ही भट्टी फेब्रुवारीअखेर विझवतो. त्याआधी एक मूस लावा. लागली तर भट्टी राहील, मी शब्द देतो. नाही लागली तर मग काही बोलू नका."

भावजी म्हणाले, "नाही लागली तर बोलायला उरतं काय?"

मालकांनीच विद्यापीठातून लाविनिया नावाची मुलगी बोलावली. काचेत तांबं कसं राहतं यावर ती वर्षानुवर्षं काम करत होती. दिसायला काडी, पण डोक्यानं पक्की. आम्हाला आमच्या भाषेत समजावलं तिनं. म्हणाली, "तांबं काचेत तीन वेशांत असतं. एका वेशात निळं-हिरवं दिसतं. दुसऱ्यात असून दिसत नाही. तिसऱ्यात पुन्हा धातू होतं आणि चमकतं. तुमची कलेजी म्हणजे दुसरा वेश उतरवून तिसरा चढवायची वेळ. ती घटका फार लहान असते."

"ती तुला मापता येईल?" मी विचारलं.

"काचेतून प्रकाश सोडला की कुठला रंग किती अडतो ते माझं यंत्र आकड्यात सांगतं. त्याला मोतीबिंदू होत नाही." ती हसली. "काकांनी मला जुन्या दिवसांतला एक बरोबर नमुना द्यावा. एकच. मग पुढे त्याच आकड्याला थांबायचं."

तयार आवेंतुरीनाचे तुकडे पेटीभर होते. ते तिनं बाजूला सारले. ते आठ दिवस निवलेले, तिला निवण्याआधीची घटका हवी होती. भावजींनी खिडकी उघडली आणि खालच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

लाविनियाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सगळे?"

"सगळे," भावजी म्हणाले.

त्या दिवशी मला बाबांचा असा राग आला की विचारू नका. चोराच्या भीतीनं माणसानं घर एवढं बंद करावं, की घरच्यालाच दार सापडू नये! मी चांगल्या डोळ्यांची मुलगी, भिंतीपलीकडे सेहेचाळीस वर्षं बसून राहिले. एकदा बघू दिलं असतं तर आज मी सांगितलं असतं, हाच तो रंग म्हणून.

फेब्रुवारीत पौर्णिमेच्या सुमारास आमच्याकडे पाणी इतकं उतरतं की मागचे कालवे कोरडे पडतात आणि होड्या चिखलात बसतात. तेवढा एकच उपाय मला सुचला. दुपारी मी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले, बादली घेतली आणि त्या खिडकीखाली उतरले. चिखल बर्फासारखा गार होता. वरून भावजी ओरडत होते, "मरशील! वर ये!" आणि मी बोटांनी चाचपत होते. तुकडे होते. किती होते! हातभर चिखलात थरावर थर, वालाएवढे, सुपारीएवढे. तीन दुपारी मी उतरले. चिखलासकट चार बादल्या निघाल्या. शेजारणी खिडक्यांतून बघत होत्या. एकीनं विचारलं, "नोरीना, शिंपले मिळतात का गं?" मी म्हटलं, "हो, ये खाली, तुलाही देते."

तुकडे धुऊन माझ्या टेबलावर मांडले. तीनशेच्या वर भरले. त्यात बाबांचेही असणार. लाविनियानं दोन दिवस बसून एकेक तुकडा यंत्रात घातला आणि सगळे ओळीनं लावले. एका टोकाला हिरवे, दुसऱ्या टोकाला काळपट. दोन्हीकडचे काढून टाकले. मधे चाळीस राहिले.

"याच्यापुढे यंत्र सांगू शकत नाही," ती म्हणाली. "या चाळिसांत बरोबर कुठले, ते ज्यानं पाहिलंय त्यानं सांगावं."

भावजी टेबलावर वाकले. एकेक तुकडा उत्तरेच्या उजेडात धरून बघितला आणि पुन्हा जागेवर ठेवला. सगळी सकाळ गेली. शेवटी ते खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "आयुष्यात एवढे रंग पाहिले नव्हते गं. सगळे सुंदर आहेत. ओळखीचा एकही नाही."

त्यांचे हात मांडीवर पडले होते. त्या हातांकडे मला बघवेना. मी पुढे झाले आणि मधला एक तुकडा उचलला.

"हा," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

"बाबा एकदा खिडकीत उभे होते. मी लहान होते, दारातून पाहिलं. असाच होता."

लाविनियानं माझ्याकडे पाहिलं. भावजींनीही पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

खात्री कसली! दार बंदच असायचं. मी काही पाहिलं नव्हतं. चाळिसांतला एक, लागला तर लागला. नावातच नशीब आहे ना, म्हटलं माझंही एकदा बघू.

मूस लावली. लाविनिया यंत्र घेऊन भट्टीवर बसली. चमच्यामागून चमचा पडत गेला. या वेळी मी खिडकीपाशी उभी होते आणि कुणी मला हटकलं नाही. सातव्या चमच्याला आकडा जुळला. लाविनिया म्हणाली, "थांबा." भावजींचा हात आठव्या चमच्यावर होता. तो त्यांनी मागे घेतला आणि स्वतः माती लिंपली.

त्या आठ दिवसांत ते रोज माझ्याकडे जेवायला आले. पत्ते खेळलो. इल्दाच्या गोष्टी निघाल्या. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा वाढायला उठले.

नवव्या दिवशी मूस फोडली. गोळा नव्हता. हिरवी काचही नव्हती. एकसारखी, घट्ट, तपकिरी काच होती, अगदी कलेजीसारखी. आत एक कणही चमकत नव्हता. मी ढेकळं टेबलावर घेतली, छिन्नी लावली, फोडत गेले. आत मिळेल, अजून आत मिळेल, असं करत बारीक चुरा होईपर्यंत फोडली. मालक दारात उभे होते, ते निघून गेले. लाविनिया रडली. तिनं तरी का रडावं, तिचा आकडा बरोबर जुळला होता.

भावजींनी माझ्या हातातली छिन्नी काढून घेतली.

"पुरे," ते म्हणाले. "बोट कापून घेशील."

"भावजी, मी तेव्हा दारातून..."

"काही पाहिलं नव्हतंस."

मी मान खाली घातली. "कधी कळलं?"

"तेव्हाच. खोटं बोलताना तुझ्या मानेवर लाल चट्टे येतात. तीस वर्षं येत असतील, मला आत्ता दिसले." ते थोडं हसले. "आता सगळं दिसतं मला."

"मग थांबवलं का नाहीत?"

"कशावर थांबवू? माझ्याकडे तेवढंही नव्हतं."

मी टेबल पुसायला घेतलं. ज्या तुकड्यावर मी बोट ठेवलं होतं तो कोपऱ्यात पडला होता. भावजींनी तो उचलला, खिडकीत गेले, उजेडात एकदा धरला आणि सवयीनं खाली टाकला. टुपुक झालं. मातीचं घमेलं मात्र कुणी ओढलं नाही.

अठ्ठावीस फेब्रुवारीला गॅस बंद झाला. भट्टी चार दिवस गरम राहिली, मग तीही निवली. भावजी रविवारी जेवायला येतात. कलेजी मी आता करत नाही, मासे करते. चिखलातून काढलेले ते तुकडे एका बादलीत परसात आहेत. "ओतून टाक कालव्यात," असं ते दर खेपेला सांगतात आणि मी हो म्हणते. ओतले नाहीत अजून. त्यांच्या हातून लागलेल्या एकतीस मुशींचे बरोबर तुकडे, चिखलातून हाताला लागले असतील तेवढे, त्यातच कुठेतरी आहेत. पाणी भरायला परसात गेले की रोज माझा पाय बादलीला लागतो.